बंबातला धूर आणि महापालिकेचा जमाखर्च

महापालिकेच्या वर्षात दोन तारखा मोलाच्या असतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे पुढच्या वर्षाच्या करांचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात आणि अंदाजपत्रक ३१ मार्चच्या आत मंजूर व्हावे लागते. धुराचा विषय मात्र या दोन्ही तारखांच्या आधीच येऊन गेलेला असतो. तो निघतो डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा कोल्हापुरात पंचगंगेच्या काठची गार हवा रात्रभर जमिनीलगत बसून राहते आणि पहाटे पेटवलेल्या कशाचाही धूर, मग तो अंघोळीचे पाणी तापवायच्या बंबाचा असो, पाल्याच्या ढिगाचा असो की शिवारातल्या पाचटाचा, छपरांच्या उंचीवरच रेंगाळतो. त्या दिवसांत तक्रारी होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, उघड्यावर जाळणाऱ्यांवर कारवाई करण्याचे इशारे निघतात. फेब्रुवारीत ऊन चढू लागले की धूर वर निघून जातो, आणि नेमकी तेव्हाच पैशांची कागदपत्रे टेबलावर येतात. मी उमेदीची वर्षे एका बँकेच्या हिशेब खात्यात काढली, त्यामुळे असेल, पण हे दोन विषय एका बैठकीत समोरासमोर का येत नाहीत याचे मला नेहमी नवल वाटते. घरगुती जाळण्यावरचा नियम हा मुळात खर्चाचा विषय आहे. ज्या नियमासाठी अंदाजपत्रकात एक ओळही नसते, तो पाळण्याचा खर्च दुसरेच कोणीतरी सोसत असते, आणि बहुतेक वेळा ते घर सोसण्याच्या स्थितीत नसते.

नियमांची तशी वाण नाही. केंद्र सरकारने ८ एप्रिल २०१६ रोजी घनकचरा व्यवस्थापन नियम अधिसूचित केले आणि त्यांत कचरा रस्त्यावर किंवा सार्वजनिक मोकळ्या जागेत टाकू नये, जाळू नये आणि पुरू नये असे नागरिकांचे कर्तव्य म्हणून लिहिले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने अलमित्रा पटेल यांच्या प्रकरणात उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली, आणि साध्या जाळण्याला ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली. त्याच्या कितीतरी आधी, १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याच्या १९व्या कलमाने, एखाद्या क्षेत्रात इंधन नसलेली वस्तू जाळण्यावर बंदी घालण्याचा अधिकार राज्य सरकारला दिलेला आहे. इंधनाला हे कलम हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण ज्या देशात कोट्यवधी घरांचा स्वयंपाक लाकूडफाट्यावर होत होता तिथे कायद्याने चूल विझवणे कोणालाच शक्य नव्हते. पण त्यामुळे मागच्या दारचा बंब या सगळ्या नियमांच्या मधल्या फटीत उभा राहिला. त्यात बंबफोड, म्हणजे फोडलेले जळाऊ लाकूड, घातले तर ते इंधन, आणि दुधाच्या पिशव्या घातल्या तर तो जाळलेला कचरा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींचा धूर सारखाच दिसतो.

कोल्हापूरच्या पेठांमध्ये बंब अजून टिकून आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, उत्तरेश्वर, कसबा बावडा, कुठेही मागच्या बोळातून चालत जा, मोरीच्या शेजारी किंवा परसातल्या पत्र्याखाली तो दिसतोच. तांब्याचे गोल पोट, पोटाच्या मधून वर गेलेली नळी, नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा, आणि बाजूला पितळेची तोटी. नळीत वरून जळण सोडायचे, भोवतीचे पाणी तापते, वरून गार पाणी ओतले की तोटीतून गरम पाणी येते. यंत्र म्हणून पाहिले तर रचना हुशारीची आहे, कारण जाळाच्या सगळ्या बाजूंनी पाणी असते. दिवाळीला तो चिंच-मिठाने लखलखीत केला जातो आणि पहिल्या अंघोळीच्या आधी त्याला हळदकुंकूही लागते. मात्र पाणी चहूबाजूंनी असल्यामुळेच आतला जाळ फार तापत नाही, आणि जिथे जाळ कमी तापतो तिथे जळण अर्धवट जळते व धूर अधिक होतो. सुक्या लाकडाच्या बाबतीत हे फारसे जाणवत नाही. ओले जळण, भुसा किंवा आणखी काही घातले की जाणवते.

आणखी काही म्हणजे काय, हे पाहण्यासारखे आहे. पूर्वी बंब पेटवायला करवंटी, नारळाची शेंडी आणि झाकणभर रॉकेल पुरे होत असे. रेशनचे रॉकेल गेले, आणि त्याची जागा न बोलताच दुधाच्या पिशवीने घेतली. ती लवकर पेट घेते, ठिबकत जळते आणि फुकट मिळते. लाकडाची वखार महाग झाली तसे सुताराकडचे प्लायवूडचे तुकडे आले, ज्यांच्या थरांत डिंक असतो आणि वर सनमायका. चपलांच्या कामातली कातड्याची व रबराची कात्रणे आली. जुने रेक्झिन आणि विजेच्या वायरीचे वेष्टण हे सर्वांत वाईट, कारण त्यांत बहुधा पीव्हीसी असते, आणि पीव्हीसी मंद आचेवर जळले की त्यातून आम्लयुक्त वायू व डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निघतात. हा धूर पेटवणाऱ्या बाईच्या नाकाशी आधी जातो आणि शहराच्या हवेत नंतर. आमच्या शेजारच्या काकूंना मी एकदा हे सगळे समजावून सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "गॅस सैपाकाला पुरवायचा का अंघोळीला, ते सांगा की आधी." सहा माणसांचे घर, एक सिलिंडर आणि सकाळी सातच्या आत सगळ्यांच्या अंघोळी, या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण तो हिशेब बरोबर होता.

बंबाच्या बाहेरही जाळणे आहेच. नव्या कॉलन्यांमध्ये बंब नाहीत, तिथे सौर पाणीतापक आणि गिझर आहेत, पण झाडे आहेत, आणि पानगळ सुरू झाली की पाल्याचे ढीग पेटतात. आमच्या ओळखीच्या एका गृहनिर्माण संस्थेत माळीकाम करणारे मामा फाटकाच्या आत कोपऱ्यात रोज सकाळी पाला पेटवत. त्यांना विचारले तेव्हा त्यांनी फार नेमके सांगितले: "पाला मी पोत्यात भरतो की ताई. पण पोत्याचे पैसे कमिटी देत न्हाई, आणि खड्डा मारायचा म्हटलं तर गाड्या कुठं लावायच्या म्हणत्यात." वाळलेला पाला वजनाला काहीच नसतो, पण जागा फार व्यापतो. त्याची पाच-सहा पोती म्हणजे कचऱ्याच्या टिप्परमधली बरीचशी जागा, आणि त्या जागेत जेवढ्या घरांचा ओला कचरा बसला असता तेवढी घरे त्या फेरीत मागे राहणार. पाला दळणारे यंत्र असले तर त्याचा आकार कितीतरी कमी होतो आणि त्याचे खत करता येते. यंत्र घ्यायला, ते फिरवायला आणि त्याच्यावर माणूस ठेवायला पैसे लागतात. काड्या मात्र एका आगपेटीत पन्नास मिळतात. संस्थेच्या एका सर्वसाधारण सभेत पाला जाळू नये असा ठराव एकमताने झाला, टाळ्याही झाल्या, आणि पोत्यांच्या खर्चाचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला. मोठ्या सभागृहांत याहून वेगळे काही होत असेल असे मला वाटत नाही.

सभागृहाचे काम ज्यांनी कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. १६ सदस्यांची ही समिती त्यात फेरफार करते, मग ते सर्वसाधारण सभेकडे जाते आणि तिथे उपसूचनांचा पाऊस पडतो. कोल्हापुरात नगरसेवकांची संख्या ८१ आहे, आणि प्रत्येकाच्या प्रभागात एक गटार, एक पॅसेज, एक हॉल किंवा एक ओपन जीम राहिलेली असते. या मागण्यांत खोटे काही नाही. लोकांनी निवडून दिले आहे ते त्यासाठीच. पण राज्यातल्या कोणत्याही महापालिकेत खर्चाची बाजू अशी वाढत गेली की ती तोलायला जमेची बाजू कागदावर फुगवावी लागते, आणि वर्षअखेरीस जमा फुगवल्याएवढी होत नाही, तेव्हा कात्री लागते ती ज्यांच्यामागे कोणी उभे नाही अशा शीर्षांना, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या ओळींना. पाला दळण्याच्या यंत्रामागे कोणताही मतदारसंघ नसतो. बंदीच्या ठरावाला मात्र सूचक-अनुमोदक चटकन मिळतात, कारण त्यासाठी कोणाच्याही प्रभागातला रुपया कमी होत नाही. कोल्हापूरच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात अंदाजपत्रके वेळेवर झाली, उपसूचनांची गर्दीही नव्हती. पण एखाद्या शीर्षाखाली पैसे का नाहीत, हे उभे राहून विचारणाराही सभागृहात कोणी नव्हता. गोंगाटातून थोडी तरी चर्चा निघते, हे तेव्हा अधिक कळले.

पैसे का नाहीत, याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते. शिरोली नाक्यावर ट्रकांची रांग लागलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, आठवत असेल. जकातीत भ्रष्टाचार होता, वेळेचा अपव्यय होता, व्यापाऱ्यांचा संताप होता. पण तो पैसा रोजच्या रोज महापालिकेच्या हातात येत असे आणि त्याच्यावर दुसऱ्या कोणाचे नाव लिहिलेले नसे. २०११ मध्ये इथे जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले, आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आल्यावर तो पूर्ण गेला. त्याच्या बदल्यात राज्य सरकार कायद्याने भरपाई देते, आणि ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. ही भरपाई नसती तर कामगारांचे पगार झाले नसते हे खरे. पण स्वतः गोळा केलेला कर आणि मुंबईहून आलेली भरपाई यांत फरक असतो. शहरातला व्यापार दुप्पट वाढला म्हणून भरपाई दुप्पट होत नाही.

हातात उरतो तो घरफाळा (म्हणजे मालमत्ताकर), पाणीपट्टी आणि बांधकाम परवान्यांचे शुल्क. घरफाळा वाढवण्याचा विषय कोल्हापुरात निघाला की काय होते ते या गावात राहणाऱ्यांना सांगायला नको. टोलच्या विरोधात रस्त्यावर उतरून तो घालवलेले हे शहर आहे. शिवाय घरफाळा ज्या जमिनीवर बसवायचा ती वाढलेलीच नाही. १९७२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली तेव्हाही हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर होती आणि आजही हद्दवाढीची चर्चा त्याच आकड्यापासून सुरू होते. शहर मात्र पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव असे केव्हाच ओलांडून गेले. त्या गावांचा हद्दवाढीला विरोध आहे आणि तो मला समजतो, कारण जास्तीचा फाळा आधी येतो आणि सोयी नंतर, हा अनुभव त्यांनी शेजारी राहून पाहिलेला आहे. पण धुराच्या बाबतीत त्याचा परिणाम असा, की रस्त्याच्या एका अंगाला महापालिकेचे नियम, तिचे टिप्पर व तिचे आरोग्य निरीक्षक, आणि दुसऱ्या अंगाला ग्रामपंचायत, जिच्याकडे यांपैकी पुरेसे काही असेलच असे नाही, आणि दोन्ही अंगांच्या घरांत राहणारी माणसे एकाच बाजारात नोकरीला जातात.

बाहेरून येणारा दुसरा पैसा बांधलेला असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांना जे अनुदान दिले, त्यातले ६० टक्के पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांसाठी राखून ठेवले होते. २०११ च्या जनगणनेत ५,४९,२३६ वस्ती असलेले कोल्हापूर त्यात बसते. याखेरीज जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, ज्या शहरांची हवा सलग प्रमाणापेक्षा वाईट राहिली त्यांच्या यादीत कोल्हापूरचे नाव आले. नाव येणे भूषणाचे नव्हते, पण त्यासोबत निधीही आला. २०१७ हे पायाभूत वर्ष धरून २०२५-२६ पर्यंत पीएम १० या धूलिकणांचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत घटवायचे, किंवा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम या राष्ट्रीय वार्षिक मानकाच्या आत आणायचे, असे त्याचे उद्दिष्ट. जागतिक आरोग्य संघटनेचा वार्षिक आकडा १५ आहे, म्हणजे आपण जिथे पोचायची धडपड करतो आहोत तिथूनही बरेच अंतर उरते.

या निधीचा ओढा वस्तूंच्या खरेदीकडे असतो. रस्ते झाडणारी यंत्रे, पाणी फवारणारी वाहने, कडेचे फरसबंदीचे काम, या गोष्टी दिसतात, मोजता येतात, त्यांचे लोकार्पण करता येते आणि निधी खर्च झाल्याची उपयोगिता प्रमाणपत्रे वेळेत जातात. रोज सकाळी एका गल्लीत जाऊन पाल्याची पोती उचलणारा माणूस हा महसुली खर्च आहे. तो दरवर्षी करावा लागतो आणि त्याचे लोकार्पण होत नाही. मोजमापाचेही तसेच. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ शिवाजी विद्यापीठ, रुईकर ट्रस्ट आणि महाद्वार रोड इथली हवा मोजते. त्या आकड्यांत रस्त्याची धूळ, वाहने, कारखाने आणि बंब सगळे एकत्र मिसळलेले असतात, आणि पत्र्याखाली वाकून बंब पेटवणाऱ्या बाईने किती धूर घेतला हे त्यात कुठेही दिसत नाही. मोजले जाते ते सुधारायचे, आणि निधी मिळतो तेच मोजायचे, असे हे चक्र आहे.

यापेक्षा वेगळे करता येते, याचा दाखला ज्या देशाच्या कारभाराची नक्कल करून आपल्या नगरपालिका उभ्या राहिल्या त्याच देशात आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर धुराचे दाट धुके पाच दिवस बसले आणि हजारो माणसे दगावली. त्या धुराचा मोठा भाग घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्यांचा होता. १९५६ मध्ये त्यांनी स्वच्छ हवेचा कायदा केला आणि स्थानिक मंडळांना आपापल्या भागात धूर नियंत्रण क्षेत्रे जाहीर करण्याचा अधिकार दिला. इथपर्यंत आपल्यासारखेच. पण त्याच कायद्यात पुढे लिहिले होते, की शेगडी बदलायला एखाद्या घराला जो वाजवी खर्च येईल त्याचा दहातला सात हिस्सा स्थानिक मंडळाने त्या घराला परत करायचा, आणि एकूण खर्चाच्या दहातल्या चार हिश्श्यांएवढी मदत सरकारी तिजोरीने मंडळाला द्यायची. म्हणजे घराने तीन, मंडळाने तीन, सरकारने चार. मला या कायद्यातली ही वाटणी त्याच्या बंदीपेक्षा मोठी वाटते. कोणत्या क्षेत्रात धूर बंद करायचा हे ठरवताना तिथल्या मंडळाला आपोआपच विचारावे लागे, की आपल्याकडे तीन हिश्शांचे पैसे आहेत का. नसतील तर क्षेत्र लहान करा, किंवा पुढच्या वर्षी करा. नियमाची व्याप्ती पैशांनी ठरत होती, आणि त्यामुळेच तो नियम राहिला.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारे काही झालेच नाही असे नाही. १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झालेली उज्ज्वला योजना हा त्याच धर्तीचा विचार होता: चूल वाईट आहे असे सांगण्याऐवजी गॅसजोडणीसाठी १,६०० रुपयांची मदत द्यायची. ती जोडणीपर्यंत पोचली, भरलेल्या सिलिंडरापर्यंत तेवढी पोचली नाही, हा भाग वेगळा. आणि अगदी आपल्या गावातले उदाहरण हवे असेल तर ते पंचगंगा स्मशानभूमीत आहे.

कोल्हापूर महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितले की तो दोनदा विचारतो. शेणी (म्हणजे गोवऱ्या), लाकूड, माणसे, सगळे महापालिकेचे, आणि मयताच्या घरच्याला खिशात हात घालावा लागत नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी सांगितलेल्या १८ विषयांमध्ये, स्मशानभूमी हा एक आणि घनकचरा व स्वच्छता हा दुसरा. पण स्मशानाचा विषय या शहराने जसा मनावर घेतला तसा दुसरा क्वचितच घेतला असेल. मोफत म्हटले तरी खर्च होतोच, आणि तो दरवर्षी अंदाजपत्रकात धरावा लागतो. इथेच होळीचा संबंध येतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 'होळी करा लहान, पोळी करा दान' ही मोहीम अनेक वर्षे चालवली. पोळी होळीत न टाकता गरजूच्या पानात जावी, हा तिचा भाग सगळ्या महाराष्ट्रात पोचला. कोल्हापुरातल्या मंडळांनी, तालमींनी आणि शाळांनी त्याला शेणीची जोड दिली. गल्लीतल्या होळीसाठी घरोघरी गोळा झालेल्या शेणींपैकी थोड्या होळीला ठेवायच्या आणि बाकीच्या टेम्पोत भरून पंचगंगेवर नेऊन द्यायच्या. करोनाच्या भयंकर दिवसांत हे शेणीदान होळीपुरते राहिले नाही. आसपासच्या गावांतूनही शेणी येत राहिल्या.

हिशेबनीसाच्या नजरेने पाहा. होळीत जाळलेली शेणी आणि चितेला लागलेली शेणी यांचा धूर तेवढाच, त्यामुळे दान केलेल्या शेणीचा धूर नाहीसा झाला असे म्हणता येणार नाही. पण एरवी ती होळीत जळाली असती, आणि चितेसाठी महापालिकेने दुसरी विकत घेऊन जाळली असती. दोनदा होणारे जाळणे एकदाच झाले आणि खरेदीचा पैसा वाचला. यासाठी कोणी होळीवर बंदी घातली नाही, दंडाची पावती फाडली नाही, कोणाच्या भावनांना हात लागला नाही. गल्लीतल्या पोरांना शेणी गोळा करायची हौस होतीच, ती तशीच राहिली. फक्त टेम्पो कुठे न्यायचा ते बदलले. टेम्पो पोचल्यावर शेणी उतरवून घ्यायला तिथे माणूस होता आणि त्या ठेवायला कोरडी जागा होती, हे मात्र विसरू नये. ती जागा आणि तो माणूस नसता तर मोहीम एका वर्षात संपली असती.

पाल्याच्या बाबतीत हे जसेच्या तसे करता येईल असे मला वाटते. चार विभागीय कार्यालयांच्या हद्दीत एकेक जागा, तिथे पाला दळण्याचे यंत्र, आणि पानगळीच्या दिवसांत आठवड्यातून एक ठरलेला वार, ज्या दिवशी फक्त पाल्यासाठी गाडी फिरेल. स्वच्छतेसाठी बांधलेल्या अनुदानात हे बसू शकते. ते बसवताना यंत्रासोबत चालवणाऱ्याचा पगारही लिहावा, नाहीतर यंत्र एखाद्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जाईल. आणि हे सुरू झाल्यावर मगच ५,००० रुपयांची पावती पुस्तके छापावीत. गाडी येत असताना पाला पेटवणाऱ्याला दंड झाला तर मला त्याच्याबद्दल काडीचे वाईट वाटणार नाही.

दंडाकडे उत्पन्न म्हणून पाहण्याचा मोह मात्र टाळायला हवा. ज्या घराचे महिन्याचे सगळे उत्पन्न पंधरा-वीस हजारांच्या घरात आहे, त्याच्याकडून ५,००० रुपये वसूल होत नाहीत. एक तर ओळख काढली जाते, किंवा निरीक्षकच डोळेझाक करतो, आणि त्याला मी दोष देणार नाही. कारवाई मग होते ती कुठेतरी एखाद्या हातगाडीवाल्यावर, ज्याने थंडीत हात शेकायला पुठ्ठा पेटवलेला असतो.

बंबाचे कोडे पाल्याहून अवघड आहे. सौर पाणीतापक बसवणाऱ्या घराला मालमत्ताकरात सवलत देण्याची पद्धत पुण्यासह काही महापालिकांत आहे आणि कल्पना चांगली आहे. पण ती पेठेत आणायची तर एक अडचण येते, जी मला काकूंनीच दाखवली. घरफाळ्याचे बिल घरमालकाच्या नावावर येते. बंब पेटवतो तो भाडेकरू. सवलत मिळणार मालकाला, जो केव्हाच सानेगुरुजी वसाहतीत किंवा पुण्याला राहायला गेलेला असतो. १९५६ च्या त्या कायद्याने यातून मार्ग काढला होता. मालक असो वा राहणारा, खर्च ज्याने केला त्याला परतफेड, असा. तसे करायचे तर करातली सवलत पुरत नाही, खर्चाच्या बाजूला स्वतंत्र शीर्ष लागते, आणि राज्याने त्यातला आपला वाटा उचलावा लागतो. तेवढे झाले तरी सौर टाकी बसवायला गच्ची लागते. पेठेतल्या जुन्या घरांना गच्ची नसते, कौले असतात, आणि कौलांवर काही बसवायचे तर मालकाची संमती लागते, जी बहुतेक घरांत कोर्टात चाललेल्या दाव्यामुळे मिळत नाही. अशा घरांत विजेचा गिझर हाच उपाय उरतो. त्यासाठी भाडेकरूच्या नावाचे स्वतंत्र मीटर लागते, आणि त्याच्या अर्जावरही मालकाचा ना-हरकत दाखला मागितला जातो.